माळावरची साक्ष

घट बसले की आमच्याकडे फोन सुरू होतात. "आला का?" एवढंच पलीकडून विचारतात. थिरथिरा आला का, हे वेगळं सांगावं लागत नाही. करडा धोबी त्याच्याही आधी, भाद्रपदातच ओढ्याकाठी शेपटी हलवताना कोणीतरी पाहिलेला असतो. दसऱ्याच्या सुमाराला उजनीच्या फुगवट्यावर थापटे आणि तलवारबदकं दिसू लागतात, बाभळींवर भोरड्यांचा गलका सुरू होतो आणि माळावर पहिला भोवत्या गवताच्या शेंड्यांवरून तरंगत जातो. दौंड ते इंदापूर या पट्ट्यात पक्षी पाहणारे आम्ही मोजकेच लोक आहोत. त्यांत एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, साखर कारखान्यातले एक केमिस्ट आहेत, कुंभारगावचा एक होडीवाला आहे, आणि कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झालेली मी. एरवी आमचं एकमेकांकडे जाणं-येणं नाही. पण आश्विन-कार्तिकात यांच्यापैकी कोणाचा फोन आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पाहिलेलं सांगावंसं वाटतं, यात नुसती हौस नाही. एका माणसाला एका सकाळी थिरथिरा दिसला तर तो योगायोग. तोच नाशिक, नगर, दौंड, सोलापूर असा निरनिराळ्या लोकांना, वर्षानुवर्षं त्याच दिवसांत दिसत राहिला, की त्याला आपण स्थलांतर म्हणतो. स्थलांतर कोणा एकाच्या डोळ्यांना दिसत नाही, ते सांगण्या-ऐकण्यातून उभं राहतं. पट्टकादंब हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात हे मी शाळेतल्या मुलांना छातीठोकपणे सांगते, पण त्यांना हिमालय ओलांडताना मी कुठे पाहिलंय? मला ते कोणीतरी सांगितलं, त्याला आणखी कोणी. माझ्या पक्षीज्ञानाचा बहुतेक भाग हा असा दुसऱ्यांच्या शब्दांवर टेकलेला आहे.

न्यायशास्त्रात याला शब्दप्रमाण म्हणतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही ज्ञानाची चार साधनं, आणि ज्याच्या शब्दावर विसंबावं तो आप्त. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताचं लक्षण सांगून झाल्यावर एक गोष्ट स्पष्ट केली, ती मला फार मोलाची वाटते: हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. माणूस कोण, हे विचारायचं नाही; त्याने स्वतः पाहिलंय का आणि जसं पाहिलं तसं सांगतोय का, हे विचारायचं. आमचा होडीवाला शाळा लवकर सोडलेला. पण "मावशी, चक्रवाक आल्यात, पळसदेवच्या अंगाला, जोडीनं हायेत" असं त्याने कळवलं की मी ते तसंच वहीत उतरवते. पुस्तकं लिहिणाऱ्या एखाद्याने सांगितलं असतं तर जेवढ्या खात्रीने लिहिलं असतं, तेवढ्याच खात्रीने.

पुढे वात्स्यायन आप्ताच्या तीन गोष्टी सांगतो. पहिली, त्याने ती वस्तू साक्षात जाणलेली असते. तिसरी, जशी आहे तशी ती सांगण्याची त्याला इच्छा असते. आणि या दोहोंच्या मध्ये त्याने भूतदया ठेवलेली आहे. वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारायचं, की बाई, ज्ञानाच्या चर्चेत दयेचं काय काम? भाष्यात त्याचं उत्तर आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांचं नुकसान होऊ नये, त्यांनी टाळायचं ते टाळावं, या कळवळ्यापोटी आप्त बोलतो. म्हणजे दया आहे ती ऐकणाऱ्यांवर. निवृत्तीनंतर माळावर जायला लागल्यापासून मला वाटू लागलं की इथे वात्स्यायनाच्या पुढे एक पाऊल टाकायला हवं. ज्याच्याविषयी आपण सांगतो तोही भूतांतलाच एक आहे. त्याची दया सांगणाऱ्याने करायची की नाही?

आमच्या भागात एक माळ आहे. गावाचं नाव लिहीत नाही. कुसळी गवत, मधूनच हिवर आणि खुरटी बोर, उन्हाळ्यात नुसता मुरूम. कार्तिकात सूर्य टेकायला आला की तिथे भोवत्ये मुक्कामाला येतात. हा शिकारी पक्षी झाडावर झोपत नाही, जमिनीवर, गवतात झोपतो, आणि तोही एकट्याने नव्हे. एकेक जण चारी दिशांनी येतो, पंख किंचित वर उचलून गवतावरून दोन-तीन फेऱ्या मारतो, मग पाय खाली सोडून गवतात बुडतो. दुसरा येतो, पहिला पुन्हा उठतो, दोघं थोडे भांडतात, जागा बदलतात. पूर्ण अंधार पडेस्तोवर हे चालतं. सकाळी ते पांगल्यावर गवतात ताटाएवढ्या दाबलेल्या जागा सापडतात आणि त्यांच्या कडेला त्यांनी ओकलेल्या गोळ्या. मी अशी एक गोळी तळहातावर घेऊन फोडली होती. बोटाच्या पेराएवढी, राखाडी, वाळलेली. आत नाकतोड्यांच्या मागच्या पायांची काटेरी नडगी, चकचकीत तपकिरी कवचांचे तुकडे, आणि चंडोलाचं असावं असं एक मऊ पीस. मध्य आशियातून आलेला पक्षी आमच्या माळावरचे नाकतोडे खाऊन हिवाळा काढतो, हे त्या गोळीत उघडं लिहिलेलं होतं.

त्याच गवतात काही वर्षी आखूड कानांचं घुबड उतरतं. तेही उत्तरेकडचं पाहुणं. दिवसभर ते जमिनीवर, गवताच्या बुंध्याशी बसून राहतं. रंग वाळल्या काडीचा. तुम्ही चार पावलांवर असलात तरी दिसत नाही. दिसतात ते डोळे, पिवळेजर्द, भोवती काजळ फासावं तसं काळं. पाऊल आणखी पुढे पडलं तर ते उठतं, आणि उठताना पंखांचा जरासुद्धा आवाज होत नाही. थोड्या अंतरावर पुन्हा बसतं. उघड्यावर आलं रे आलं की कावळे आणि घारी त्याच्या मागे लागतात.

महाराष्ट्रात पाच ते बारा नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पाचला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बाराला सलीम अलींचा. त्या आठवड्यात पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. कुठूनसं त्यांना घुबडाविषयी कळलं होतं. "मॅडम, एक्झॅक्ट स्पॉट पाठवा ना. सगळ्यांनी पाहायला नको का?" मी म्हटलं, या की, रस्त्यावर उभं राहून संध्याकाळी भोवत्ये दाखवते, घुबडाची जागा मात्र सांगणार नाही. त्यांनी ती दुसरीकडून मिळवली. दोन दिवसांनी माळावर मेंढरं राखणारे एक धनगर बाबा भेटले. ते म्हणाले, "बाई, त्या घुबडाला पार दमवलं वो मोटारवाल्यांनी. हिकडून उठिवलं की तिकडं, तिकडून उठिवलं की हिकडं. गवात बी तुडवून टाकलं." पुढे माझ्याविषयी बोललं गेलेलं कानावर आलं: या बाई ज्ञान दडवून ठेवतात.

संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला हा शब्द फार लागतो. या देशात ज्ञान दडवण्याचा इतिहास मोठा आहे. जे ग्रंथ शिकवून मी पगार घेतला, ते ज्यांच्यापासून शतकानुशतकं लांब ठेवले गेले त्यांची नातवंडं, पतवंडं माझ्या वर्गात बसत होती. तेव्हा माहिती हातात ठेवून बसणं हे मला सहजासहजी धर्म्य वाटूच शकत नाही. म्हणून त्या आरोपाचा मी मनाशी नीट विचार केला, आणि विचार करताना कर्णपर्वापाशी आले.

युधिष्ठिराने गांडीवाचा अपमान केला, तेव्हा अर्जुन आपली प्रतिज्ञा खरी करण्यासाठी थोरल्या भावावरच तलवार उपसतो. त्याला थांबवताना कृष्ण कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक नद्यांच्या संगमाजवळ राहणारा तपस्वी. नेहमी खरंच बोलायचं हे त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने पळालेली माणसं जवळच्या रानात शिरली. मागून दरोडेखोर आले आणि त्यांनी कौशिकाला विचारलं. त्याने खरं सांगितलं. माणसं मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. कृष्णाचा निर्वाळा असा, की गप्प राहून सुटका होत असेल तर गप्प राहावं, आणि गप्प राहिल्यानेच संशय येणार असेल तर तिथे खोटं बोलणं बरं. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात, कर्मजिज्ञासा या प्रकरणात, नेमका हाच पेच उचलला आहे. उलट कांटने १७९७ साली लिहिलं, की दाराशी आलेल्या खुन्यालासुद्धा खोटं सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

कौशिकाचं चुकलं कुठे? पुस्तकी उत्तर असं, की त्याला धर्माची सूक्ष्म गती कळली नाही. मला वाटतं, त्याचं लक्षच रानात दडलेल्या माणसांकडे नव्हतं. त्याचं लक्ष आपल्या व्रताकडे होतं. आपण खरं बोलणारे आहोत, ही त्याची जपलेली ठेव होती आणि ती त्याने दुसऱ्यांच्या जिवावर जपली. दुर्मीळ पक्षी दिसल्यावर तासाभरात त्याची जागा चारचौघांना कळवणाऱ्यात ही गोष्ट मी पाहते. पक्षी दिसला याचा आनंद खराच असतो; पण तो मला दिसला, हेही सगळ्यांना लवकर कळायला हवं असतं.

तरी कौशिकाची गोष्ट आमच्या माळाला पूर्ण लागू पडत नाही. त्याला विचारणारे दरोडेखोर होते. मला विचारणारा माणूस पक्ष्यावर प्रेम करणारा होता, ते मी नाकारत नाही. पहाटे उठून शंभर किलोमीटर गाडी हाकत कोणी द्वेषाने येत नाही. इथे मला महाभारतापेक्षा आचारांगसूत्र जवळचं वाटतं. जैन साधूंच्या प्रवासाचे नियम सांगताना त्यात असा प्रसंग घेतला आहे: वाटेत भेटलेले लोक साधूला विचारतात, या बाजूला माणूस, गाय, म्हैस, पक्षी, साप असं काही पाहिलंस का, असेल तर दाखव. साधूने सांगू नये, दाखवू नये, गप्प राहावं. विचारणारा पारधी आहे की साधा वाटसरू, याची चौकशी साधूने करावी, असं तिथे म्हटलेलं नाही. आणि ते बरोबर आहे. विचारणाऱ्याच्या मनात काय आहे ते त्याच्या प्रश्नावरून कळत नाही. कळलं तरी तो पुढे कोणाला सांगेल ते कळत नाही. आणि प्रेमाने आलेल्याच्या पावलानेसुद्धा घुबड उठतंच. त्या यादीत पक्ष्याचं नाव आहे, हे मी प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

मग गप्पच राहायचं, असं ठरवून टाकता आलं असतं. पण माळाची गोष्ट गप्प राहून भागत नाही. सरकारी दप्तरात गवताळ माळ म्हणजे बहुतेक वेळा पडीक जमीन. पडीक म्हटली की ती कशाला तरी 'उपयोगात' आणायची. कधी समपातळी चर खणून झाडं लावतात, कधी सौरऊर्जेचे पत्रे येतात, कधी मुरूम उचलतात. झाडं लावण्याच्या कार्यक्रमाला विरोध करायचा तर काय सांगणार? इथे भोवत्ये झोपतात, हे सांगावं लागतं. किती, कधीपासून, कुठल्या महिन्यात, हे दाखवावं लागतं. ज्या माळाची कोणी नोंदच केली नाही, तो कागदावर रिकामा असतो, आणि रिकाम्या जागेवर चर खणताना कोणाचा हात अडत नाही. घुबडाची जागा सांगितली तर घुबड उठतं. माळाची नोंद सांगितली नाही तर माळ उठतो.

नागालँडचं उदाहरण मला या बाबतीत फार बळ देतं. अमूर ससाणा सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघून ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडला थांबतो, तिथे जमिनीतून उडणाऱ्या वाळवीवर पोट भरतो, मग भारत आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिणेला जातो. काही आपल्या सह्याद्रीवरूनही जातात. २०१२ च्या शरदात वोखा जिल्ह्यातल्या दोयांग जलाशयाकाठी, पांगती गावाजवळ, हे ससाणे मासेमारीच्या जाळ्यांत हजारोंनी पकडून मारले जात होते. बानो हरालू, रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सू यांनी ते पाहिलं आणि चित्रणासह जगासमोर मांडलं. दिवसाला बारा ते चौदा हजार पक्षी मरत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. गावाचं नाव त्यांनी लपवलं नाही. वर्षभर गावकऱ्यांशी बोलणी झाली, आणि २०१३ च्या मोसमात तिथे एकही ससाणा जाळ्यात मेला नाही. त्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली, आणि त्यांना नावं दिली नागा, वोखा आणि पांगती. ज्या गावात कत्तल झाली त्याचंच नाव घेऊन पक्षी समुद्रापार गेला. ते चौघं साधूचा नियम पाळून गप्प राहिले असते तर?

तेव्हा सांगणं आणि न सांगणं यांतलं एक धर्म आणि दुसरं अधर्म, अशी वाटणी मला करता येत नाही. तिसऱ्या एका गोष्टीविषयी मात्र माझं मत पक्कं आहे, आणि तिथे मी कृष्णाच्या शेवटच्या सवलतीपर्यंत जात नाही. पक्ष्याची जागा खोटी सांगायची नाही. माझ्याच परिचयातले काही चांगले लोक घरट्याकडे गर्दी नको म्हणून मुद्दाम भलत्या गावाचं नाव सांगतात. त्यांचा हेतू मला समजतो. पण खानदेशातल्या रानपिंगळ्याची हकिगत त्यांनी आठवावी.

१८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो पक्षी कोणालाच सापडला नाही. अपवाद एक: कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपण तो मिळवला, असं नोंदवून ठेवलं होतं. पुढे पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा उघड झालं की तो पक्षी डेव्हिडसनच्याच संग्रहातला होता. चोरलेला, शिवण बदलून नव्या चिठ्ठीनिशी ठेवलेला. ती चिठ्ठी बाजूला सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे जात, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पोचले, आणि रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. दरम्यान सगळ्यांच्या नकाशावर एक खोटं गाव होतं. खोटं सांगणारा मरतो, त्याचा हेतू चांगला होता की वाईट हे विसरलं जातं, आणि खोटी नोंद खऱ्या नोंदींच्या रांगेत त्यांच्याच तोऱ्यात उभी राहते.

मनुस्मृती साक्षीदारांचे नियम सांगताना, कोणाचा जीव वाचवण्यासाठी खोटी साक्ष देण्याची मुभा देते. पण लगेच सरस्वतीला चरूचा होम करून प्रायश्चित्त घ्यायला सांगते. मनुस्मृतीतलं पुष्कळ काही मला मान्य नाही. ही जाण मात्र मला खोल वाटते. खोट्याने जीव वाचला तरी वाणीला डाग लागला, तो धुवायलाच हवा. आणि पक्ष्यांच्या बाबतीत खोटं बोलायची वेळच येत नाही, कारण गप्प राहण्याची वाट नेहमी मोकळी असते. "माहीत आहे, सांगत नाही" असं म्हणायला थोडं धैर्य लागतं, समोरचा रागावतो, एवढंच.

म्हणजे पाहणं आणि सांगणं यांच्यामध्ये वात्स्यायनाने जी दया ठेवली, तिने ठरवायचं: कोणाला, कधी आणि किती. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर काही संवेदनशील जातींच्या नोंदी पोचतात, पण नेमकी जागा झाकलेली राहते. तिथे हेच केलेलं आहे. माळावरच्या धनगरांना घुबड कुठे बसतं ते माहीत असतंच, आणि त्यांनी ते माहीत असल्याचं मला कधी भय वाटलं नाही. त्यांची मेंढरं त्या बाजूला आली की ते कळप थोडा वळवून घेतात. कोणी शिकवलेलं नाही. शाळेच्या मुलांना मी भोवत्ये रस्त्यावरून दाखवते आणि घुबडाचं चित्र काढून दाखवते. एका मुलीने विचारलं, "आजी, खरं घुबड का नाही दाखवत?" तिला मी सांगितलं, की ते दिवसा झोपतं, आणि खूप लांबून आलंय. तिला ते पटलं. मोठ्यांना पटायला वेळ लागतो, पण पोस्टमास्तरांना आता पटलं आहे. यंदा त्यांनी फोनवर "दिसलं" एवढंच सांगितलं आणि मीही पुढे विचारलं नाही.

आमच्या वह्यांतल्या या माळाच्या नोंदी आम्ही एकत्र करायला घेतल्या आहेत. केमिस्टसाहेब तक्ता करताहेत, होडीवाल्याचा मुलगा नकाशा. चैत्रात भोवत्ये उत्तरेकडे गेले की तो तक्ता आणि नकाशा, सगळ्या खऱ्या जागांसकट, वनखात्याकडे आणि ग्रामपंचायतीकडे द्यायचा आहे. एक मेला ग्रामसभा असते. माळावर चर खणण्याचा विषय त्या दिवशी येणार आहे, असं सरपंचबाईंनी कळवलंय, आणि धनगर बाबांनी सभेत बोलायचं कबूल केलंय.